खात्रीची भाडेकरू

विमा कंपनीत असताना त्यांना सगळे टक्केसाहेब म्हणत. समोर जळालेलं गोदाम असो की चेपलेली गाडी, साहेब डोळे बारीक करून एकदा सगळीकडे नजर फिरवत आणि म्हणत, "चाळीस टक्के." मालक हातापाया पडे, भांडे, वर ओळखी काढे आणि शेवटी चाळीसवरच सही करी. नुकसान किती आणि रडणं किती हे वेगळं करून बघण्यात त्यांची हयात गेली. माणूस वाईट नव्हता, खोटा तर मुळीच नव्हता. फक्त कुणाचंही दुःख ऐकताना त्यांच्या मनात त्याचा आकडा तयार होऊ लागे, आणि ते त्यांच्या हातात नव्हतं.

निवृत्त झाल्यावर हातात एकरकमी पैसा आला आणि साहेबांची झोप उडाली. कारण होतं सोन्या. सोन्या त्यांचा एकुलता एक मुलगा. जन्माच्या वेळी काहीतरी अडलं, तो उशिरा रडला, आणि मग सगळंच उशिरा होत गेलं. आता तो एकतीस वर्षांचा होता. दाढी बाप करून देई, ताटातले घास आई करून देई. स्वतःचं असं तो फारसं बोलत नसे, पण ऐकलेलं बोले. टीव्हीवरची बातमी, आईचं पुटपुटणं, बापाचं फोनवरचं बोलणं, सगळं त्याच सुरात, कधी लगेच तर कधी आठवड्यानं. पाहुण्यांना गंमत वाटे. घरच्यांच्या मात्र ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यांना ते ऐकूच येईनासं झालं होतं.

"आपल्यामागे याचं काय?" हा प्रश्न त्या घरात रोज असे, फक्त मोठ्यानं कुणी विचारत नसे.

साहेबांनी उत्तर शोधलं ते त्यांच्या पद्धतीनं. बँकेत ठेवावं तर व्याज महागाईच्या पोटात जाणार. शेअरमध्ये घालावं तर रोज सकाळी जीव टांगणीला. दुकानाचा गाळा घ्यावा तर भाडं घसघशीत, पण रिकामा राहिला की वर्षवर्ष रिकामा. राहण्याजोगं एखादं घर विकत घेऊन भाड्यानं द्यायचं, हे त्यातल्या त्यात बरं.

"घर आजारी पडत नाही की संपावर जात नाही," ते बायकोला म्हणाले. "दर महिन्याला भाडं येत राहील. आपण असलो काय, नसलो काय, सोन्याला पगार चालू."

"आणि त्याला जेवायला कोण घालेल?" बायको म्हणाली. "भिंती?"

"पैसे असले की घालणारे मिळतात गं."

भांडी विसळण्याचा आवाज तेवढा वाढला.

मग घरं बघणं सुरू झालं. एजंट तरुण होता, तोंडाचा फटाका. लिफ्टमध्ये शिरल्यापासून गच्चीवर पोचेपर्यंत त्याचं तोंड चालू असे. साहेब मात्र नळ उघडून बघत, भिंतीला कान लावत आणि घरी येऊन हिशोब मांडत. भाड्यातून कर वजा, सोसायटीचा खर्च वजा, रंगरंगोटी वजा, वर्षातला एखादा महिना घर रिकामं, तो वजा. खाली उरे ती रक्कम बघून ते कागद उलटा ठेवत. एवढ्यासाठी आयुष्याची पुंजी अडकवायची तर बँक काय वाईट होती?

"साहेब, असं एकेक खिळा मोजत बसलात तर घर घेणं तुमच्या नातवाच्या नशिबात," एजंट एकदा म्हणाला आणि लगेच जीभ चावून गप्प झाला.

बहुतेक ती चूक भरून काढायलाच त्यानं पुढच्या आठवड्यात ते चौथ्या मजल्यावरचं घर दाखवलं. तीन खोल्या, भरपूर उजेड, खाली बसचा थांबा. आणि किंमत बाजारभावापेक्षा तब्बल तिसऱ्या हिश्शानं कमी. साहेबांनी जिन्यातच त्याला थांबवलं.

"घोडं कुठे अडलंय?"

एजंटचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "साहेब, लपवत नाही. मालकीणबाईंची मुलगी. चोवीस वर्षांची होती. गेल्या वर्षी तिनं स्वतःला संपवलं. मधल्या खोलीत. गिऱ्हाईक येतं, शेजारी सांगतात, गिऱ्हाईक जातं."

साहेबांनी डोळे बारीक केले. "बांधकामात काही नाही ना?"

"छे. बांधकाम ठणठणीत."

मालकीणबाई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम करत. नवरा कधीच सोडून गेलेला. मायलेकी दोघीच होत्या, आता एकटीच. त्यांनी दार उघडलं, बाजूला झाल्या, स्वयंपाकघर दाखवलं, पुढची खोली दाखवली. मधल्या खोलीपाशी त्या थांबल्या, तेव्हा दार एजंटनं उघडलं. आत एक टेबल, एक पलंग, खिडकीला निळा पडदा. साहेबांनी टेप काढून खोली मोजली, भिंतीवर बोटं वाजवून पाहिली. बाई बाहेर उभ्या राहून त्या टकटकीकडे कान देत होत्या.

"बाई, झालं ते वाईटच झालं," साहेब म्हणाले. "पण उद्या मला हे भाड्यानं द्यायचंय. लोक विचारणार. तो धोका मी अंगावर घेतोय, तेव्हा सांगितलेल्या किमतीतही मला परवडणार नाही."

"किती कमी करू?" बाईंनी विचारलं.

आयुष्यभर साहेबांना लोकांच्या भांडणाची सवय होती. या प्रश्नाची नव्हती. त्यांनी बोलायचं ठरवलं होतं त्याहून थोडी जास्तच किंमत तोंडून निघाली, तरी ती बाजाराच्या निम्म्याच्या आसपास होती. बाईंनी मान हलवली. महिन्याभरात घर साहेबांचं झालं आणि बाई मधल्या खोलीतलं सामान तसंच ठेवून शहराच्या दुसऱ्या टोकाला एका भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या.

पहिले भाडेकरू नवराबायको होते. एजंटनं त्यांना काही सांगितलं नव्हतं, आणि साहेबांनीही "विचारलं तर खोटं बोलायचं नाही, पण आपणहून सांगायचं नाही" एवढाच नियम केला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दुसऱ्याच महिन्यात जिन्यात गाठून सगळं सांगितलं. त्यातली बायको पोटुशी होती. ते आठ दिवसांत गेले, आणि जाताना नवऱ्यानं साहेबांना फोनवर जे सुनावलं ते साहेबांनी बायकोला सांगितलं नाही. मग तीन नोकरदार पोरं आली. "पोरांना कशाचं काही नसतं साहेब," एजंट म्हणाला होता. दिवसा भीती नसायची, रात्री असायची. तिघंही पुढच्या खोलीत दाटीवाटीनं झोपू लागली आणि एक दिवस विजेचं बिल थकवून किल्ली शेजाऱ्यांकडे टाकून निघून गेली. त्यानंतर घर रिकामं पडलं ते पडलंच. भाडं उतरवलं, जाहिरात दिली, नवा रंग दिला. लोक येत, निळ्या पडद्याच्या खिडकीतून बाहेर बघत, आणि खाली उतरेपर्यंत त्यांना कळलेलं असे.

साहेबांचा हिशोब कोसळला. निम्म्या किमतीत घेतलेलं घर आता फुकट दिलं तरी कुणी घ्यायला तयार नव्हतं. आपण दुसऱ्याच्या भीतीतून नफा काढायला गेलो आणि तीच भीती आता आपल्याला विकत बसावं लागतंय, हे त्यांना कळत होतं. सोन्याच्या पगाराची वेळ जवळ येत चालली होती, कारण बायकोला जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभं राहावं लागू लागलं होतं. डॉक्टरांनी तिचं हृदय दमलंय म्हणून सांगितलं होतं.

आणि एका संध्याकाळी चष्मेवाल्या बाई दारात उभ्या राहिल्या.

"घर रिकामं आहे असं कळलं," त्या म्हणाल्या. "मला भाड्यानं द्याल?"

साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बायकोनं बाईंना बसवलं, पाणी दिलं. "अहो, पण तुम्हीच तर... तिथे राहवत नाही म्हणून विकलंत ना?" तिनं विचारलं.

"हो. तिथे होते तोवर सारखं वाटायचं, मधल्या खोलीत ती नाही. खोलीकडे बघवायचं नाही." बाईंनी पेला खाली ठेवला. "इथून लांब गेले आणि उलटंच झालं. आता वाटतं, ती तिथेच आहे आणि एकटी आहे. आणि परकी माणसं येऊन तिला घाबरून पळतायत."

बायकोनं तोंडाला पदर लावला. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले, आणि त्यांच्या मनात आपोआप आकडे जुळू लागले. विकल्याचे पैसे बाईंच्या खात्यात असणार. नोकरी आहे. शेजाऱ्यांनी काही सांगण्याचा प्रश्नच नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, ही बाई कधी घर सोडून जाणार नाही. इतकी खात्रीची भाडेकरू अख्ख्या शहरात सापडली नसती.

"भाडं जे चालू आहे तेच राहील," ते म्हणाले.

"चालेल."

बाई गेल्यावर बायको म्हणाली, "निम्म्या किमतीत घेतलंत. आता तेच पैसे भाड्यानं परत काढून घेणार तिच्याकडून?"

"मी बोलावलं होतं का तिला?"

"ते नाही विचारलं मी."

"अगं, फुकट दिलं तर ती तरी राहील का? आणि आपल्याला परवडतंय का? सोन्याचा विचार कर."

सोन्याचं नाव निघालं की त्या घरातलं कुठलंही भांडण तिथेच थांबे.

एजंटनं मात्र फोनवर वेगळीच शंका काढली. "साहेब, वाईट बोलतो, पण बाईंनीही तिथे तसलंच काही केलं तर? मग घर कायमचं गेलं समजा." ते तडक दुकानात गेले आणि बाईंना बाजूला घेऊन सरळच विचारलं. बाई हातातली काच पुसत होत्या. पुसतच राहिल्या.

"साहेब, मला मरायचं असतं तर मी भाडं ठरवायला कशाला आले असते?"

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साहेब भाडं घ्यायला जाऊ लागले. बाईंना बँकेतून पाठवता आलं असतं, पण घर नीट आहे की नाही हे डोळ्यांनी बघायची त्यांची जुनी खोड. बायकोला विश्रांती मिळावी म्हणून ते सोन्याला बरोबर नेत. पहिल्या दिवशी सोन्या दारातच अडून बसला. बाईंनी त्याला ओढलं नाही की गोंजारलं नाही. दुकानातून आणलेला जुन्या फ्रेमांचा डबा जमिनीवर ओतला आणि त्या स्वतःच त्यातल्या काळ्या वेगळ्या करत बसल्या. थोड्या वेळानं सोन्या शेजारी येऊन बसला आणि तपकिरी वेगळ्या करू लागला.

त्यानंतर तो रविवारची वाट बघू लागला. बाईंनी त्याला मऊ फडक्यानं काच पुसायला शिकवलं. एकच काच तो अर्धा अर्धा तास पुसे, उजेडात धरे, पुन्हा पुसे. "अजून एक बोट उमटलंय बघ," बाई म्हणत. तोही म्हणे, "अजून एक बोट उमटलंय बघ," आणि हसे. कुठल्याही शाळेनं, कुठल्याही डॉक्टरनं त्याला इतका वेळ एका जागी बसवून दाखवलं नव्हतं. तो मधल्या खोलीतल्या टेबलाशी बसून काम करी. बाईंनीच त्याला तिथे बसवलं होतं. बाहेर साहेब भाड्याची रक्कम खिशात घालून चहा पीत, आणि आतून दोघांचं एकच वाक्य दोनदा ऐकू येई. तो बाईंना मावशी म्हणू लागला, तेही कुणी शिकवलं नव्हतं.

असं वर्ष गेलं. भाडं एकदाही चुकलं नाही. साहेबांचा हिशोब रुळावर आला होता. बायकोचं हृदय मात्र अजून दमत चाललं होतं, आणि एके दिवशी जेवताना तिनं मनात बरेच दिवस घोळत असलेलं बोलून टाकलं.

"अहो, बाईंकडून भाडं घेणं बंद करू या. घर त्यांना राहायला देऊ या, कायमचं. आणि त्यांना विचारू या, आपल्यामागे सोन्याला बघाल का म्हणून. त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत. सोन्या त्यांच्याजवळ किती शांत असतो बघता ना तुम्ही? पैसे काय, तुम्ही म्हणाल तेवढे त्याच्या नावावर ठेवू. पण माणूस लागतं हो. माणूस."

साहेबांचा हात थांबला. प्रस्ताव वाईट नव्हता. खरं तर त्यांना आजवर सुचलेल्या सगळ्यांपेक्षा तो चांगला होता, आणि म्हणूनच त्यांना त्याची भीती वाटली. घर डुबलं तर पैसे जातात. इथे पोरगाच दुसऱ्याच्या हवाली करायचा होता. त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं, प्रस्तावाची वाईटात वाईट बाजू शोधून काढली आणि ती मोठ्यानं बोलून दाखवली.

"जिला स्वतःची पोर सांभाळता आली नाही, ती आपला कसा सांभाळणार?"

बायकोनं हातातला घास खाली ठेवला. "असं बोलवतं कसं हो तुम्हाला?"

"मी विचारतोय फक्त. विचार करायला नको? मला थोडा वेळ दे."

शेजारी सोन्या खाली मान घालून जेवत होता.

साहेबांनी खरोखरच विचार केला. रात्री केला, बागेत फेऱ्या मारताना केला, आणि भाड्याच्या पुढच्या रविवारी जिना चढताना त्यांचं जवळजवळ ठरलं होतं. आज बाईंशी बोलायचं. भाड्याचं आधी, मग सोन्याचं. शब्द कसे जुळवायचे याचाच विचार करत ते पुढच्या खोलीत बसले होते. आत टेबलापाशी काच पुसणं चालू होतं. बाई म्हणाल्या, "किती स्वच्छ पुसलीस रे. माझ्याकडेच ठेवून घेऊ का तुला?"

आणि सोन्या साहेबांच्या आवाजात म्हणाला, "जिला स्वतःची पोर सांभाळता आली नाही, ती आपला कसा सांभाळणार?"

सूर तोच होता. 'आपला'वरचा जोर तोच, शेवटचा तुच्छतेचा हेलही तोच. मग आईच्या सुरात त्यानं हळूच जोडलं, "असं बोलवतं कसं हो तुम्हाला?"

साहेब उठले, पण त्यांचे पाय दारापर्यंत गेले नाहीत. थोड्या वेळानं बाईंचा आवाज आला, नेहमीसारखा, फक्त जरा सावकाश. "अजून एक बोट उमटलंय बघ."

"अजून एक बोट उमटलंय बघ," सोन्या म्हणाला आणि हसला.

निघताना बाईंनी भाड्याचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी ते खिशात घातलं नाही. "बाई, तो जे बोलला ते... माझ्या मनात तसं..."

"महिन्याभरानं घर रिकामं करते," बाई म्हणाल्या. "महिन्याची आगाऊ सूचना द्यायची असं ठरलंय आपलं."

"अहो, मी आज उलट तुम्हाला..."

"साहेब, जिना अंधारा आहे. त्याचा हात धरा."

बायकोला हे त्यांनी घरी आल्यावर सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. सोन्याचे बूट काढले, त्याला आत नेलं आणि दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः जायचं ठरवलं. चार मजले चढताना तीनदा थांबली, आणि बाईंनी तिला चहा दिला, रिक्षापर्यंत सोडायला खाली आल्या, पण निर्णय बदलला नाही.

बाई गेल्या. मधल्या खोलीतलं टेबल आणि पलंग त्यांनी नेला, पडदाही नेला. साहेबांनी दुकानातून त्यांचा पत्ता काढला आणि एका दुपारी तिथे पोचले. एका लांबलचक इमारतीत, एकाच मापाच्या दारांच्या रांगेत बाईंची खोली होती. मुलीचं टेबल आत मावलं नव्हतं. ते बाहेर वाटेतच भिंतीला लावून ठेवलेलं होतं आणि त्यावर शेजाऱ्यांच्या बादल्या होत्या.

"माझं चुकलं," साहेब उभ्याउभ्याच म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात फार कमी वेळा म्हटलं होतं. "तुम्ही परत या. भाडं नको. सोन्या तुमच्याविना..."

बाईंनी त्यांना आत बोलावलं नाही आणि घालवूनही दिलं नाही. "तुम्ही काही खोटं बोलला नाहीत साहेब. तेच मी रोज स्वतःला म्हणते. सकाळी उठले की पहिलं तेच म्हणते. पण ते मी म्हणते. त्या खोलीत, तिच्या टेबलाशी, दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ते ऐकलं. आता तिथे गेले की तेच ऐकू येणार मला. तिचं काही ऐकू येणार नाही."

"आणि सोन्या?"

बाईंचा चेहरा पहिल्यांदाच हलला. "त्याला आणू नका," त्या म्हणाल्या. "माझा धीर होणार नाही." मग दार हळूच लोटलं.

घराला त्याच मोसमात भाडेकरू मिळाले. एका कंपनीनं आपल्या माणसांसाठी घेतलं. कंपनीला कोण कुठल्या खोलीत मेलं याच्याशी देणंघेणं नव्हतं. भाडं बाईंच्यापेक्षा जास्त, थेट बँकेत, करार लांब मुदतीचा. टक्केसाहेबांच्या कागदावर आजवर इतका बिनधोक परतावा कधी दिसला नव्हता. बायको तो कागद बघायला राहिली नाही. हिवाळ्यात एका सकाळी ती उठलीच नाही.

त्यानंतर काही महिने साहेबांनी एकट्यानं रेटलं. मग एकदा त्यांचाच पाय स्नानघरात घसरला, आणि ते पडल्या जागी असताना सोन्या दारात उभा राहून मोठ्या डोळ्यांनी नुसता बघत राहिला. बरे झाल्यावर ते सोन्याला घेऊन गावाबाहेरच्या एका संस्थेत गेले. अशा मोठ्या मुलांची तिथे कायमची सोय होती. जागा स्वच्छ होती, खिडक्यांना जाळ्या होत्या, जेवणाची वेळ पाटीवर लिहिलेली होती. महिन्याची फी विचारली तेव्हा साहेबांना ऐकूनच कळलं, चौथ्या मजल्याच्या भाड्यात ती बसत होती. थोडं उरतही होतं.

मुख्य बाईंनी त्यांना सगळं दाखवलं. खोलीत आठ पलंग होते. एका पलंगावर साहेबांच्याच वयाचा एक माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. सोन्यानं बापाची बाही घट्ट धरली होती.

"याच्याशी कुणी बोलेल ना इथे?" साहेबांनी विचारलं. "त्याला फार काही लागत नाही. शेजारी बसून कुणी दोन शब्द बोललं की पुरे."

मुख्य बाई दमलेल्या होत्या, पण खोटं बोलणाऱ्या वाटल्या नाहीत. "आम्ही दोघी आहोत आणि मुलं चाळीस," त्या म्हणाल्या. "वेळ मिळाला तर बोलतो की."

साहेबांनी मान हलवली. सोन्याची बोटं त्यांनी बाहीवरून एकेक करून सोडवली. बाहेर बस लगेच मिळाली आणि खिडकीजवळची जागाही.